जुनी सुपरहीरो आणि अवकाशयानांची मॉडेल किट: जोडावीत की जपून ठेवावीत?

पूर्वकिनारा

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. गुंडम या जपानी रोबोंची छोटी किट जोडण्यापलीकडे मला या छंदाचा अनुभव नाही. त्या किटमधले भाग नुसते दाबून बसतात आणि प्लास्टिक आधीच रंगीत असते, त्यामुळे ग्लू, लांबी (फटी भरायचा लगदा) आणि रंग यांच्याशी माझा संबंध फारसा आलेला नाही. अलीकडे शेजारच्या गावात एका घरातले जुने सामान विक्रीला काढले होते. तेथे पुठ्ठ्याच्या एका खोक्यात चार जुनी किट एकत्र मिळाली आणि आता त्यांचे काय करावे, असा प्रश्न पडला आहे.

पहिले किट ऑरोरा कंपनीचे आहे: विटांची भिंत फोडून बाहेर येणारा सुपरमॅन. भाग न जोडलेले असून बरेचसे अजून ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीसह ओतलेले येतात त्या चौकटीलाच लागलेले आहेत, सूचनापत्रक आहे, मात्र खोक्याचे दोन कोपरे फाटले आहेत. दुसरा त्याच कंपनीचा स्पायडरमॅन असून तो कोणीतरी पूर्वीच जोडून रंगवला आहे. त्याचे खोके नाही, रंगाचे थर जाड आहेत, सांध्यांवर ग्लूचे ओघळ वाळले आहेत आणि पायाशी पडलेल्या क्रेव्हन या त्याच्या शत्रूचा एक हात हरवला आहे. तिसरे एएमटी कंपनीचे, स्टार ट्रेकमधले एंटरप्राइज हे अवकाशयान. ते जोडलेले नाही, पण डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) पिवळी पडली आहेत आणि स्टँड सापडत नाही. चौथे एमपीसी कंपनीचे, स्टार वॉर्समधला रोबो आर-टू-डी-टू, त्याचे सगळे भाग आहेत असे दिसते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही किट मूळ काळातली आहेत की नंतर पुन्हा काढलेली, हे घरच्या घरी कसे ओळखावे? मूळ असतील तर ती जोडणे हा अपराध ठरेल का? आणि तो स्पायडरमॅन सुधारण्याजोगा आहे का, की तसाच ठेवावा? माझा हेतू विकण्याचा नाही. पण ज्या वस्तूची भरपाई होऊ शकत नाही ती अजाणतेपणी बिघडवावी, असेही वाटत नाही.

बंदखोके

आधी ओळख पटवू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. खोक्यावर छापलेले वर्ष पाहून नवशिके फसतात. ते वर्ष बहुधा त्या पात्राच्या किंवा चित्राच्या स्वामित्वहक्काचे असते, छपाईचे नसते, आणि तेच वर्ष दहा-पंधरा वर्षांनंतरच्या आवृत्तीवरही जसेच्या तसे राहू शकते. म्हणून वर्षाऐवजी आजूबाजूच्या खुणा पाहाव्यात. खोक्यावर बारकोड असेल तर ते किट 1960 च्या दशकातले असूच शकत नाही, कारण अमेरिकेतल्या दुकानात पहिली वस्तू बारकोड वाचून विकली गेली ती 1974 मध्ये. कंपनीच्या पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर ते खोके 1963 च्या मध्यानंतरचे, कारण तेथील टपाल खात्याने हे आकडे त्या वर्षीच्या जुलैत सुरू केले. सुपरमॅनसाठी आणखी एक पक्की खूण आहे. त्याचे हक्क असलेली प्रकाशन कंपनी 1977 पर्यंत नॅशनल पिरिऑडिकल पब्लिकेशन्स या नावाने चालत होती आणि त्या वर्षी तिचे अधिकृत नाव डीसी कॉमिक्स झाले. त्यामुळे हक्काच्या ओळीत कोणते नाव आहे ते भिंगाखाली नीट वाचा.

एवढ्यावर मात्र थांबू नका. ऑरोराने 1974 च्या सुमारास आपलीच जुनी सुपरहीरो किट कॉमिक सीन्स या मालिकेत पुन्हा काढली होती आणि त्यांवरही जुन्याच प्रकाशन कंपनीचे नाव असणार. त्या आवृत्तीची खोकी चौकोनी असतात आणि आत साध्या सूचनापत्रकाऐवजी छोटे कॉमिक पुस्तक असते. तुमचे खोके लांबट असेल आणि पत्रक साधे असेल, तर ते पहिल्या पिढीतले असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण या किटच्या किमतीचे कोडे तिच्यातच आहे. ऑरोरा 1950 मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झाली आणि पुढे लाँग आयलंडवरील वेस्ट हेम्पस्टेड येथे गेली, म्हणजे तुमच्या घरापासून फार दूर नाही. सुरुवातीला विमाने वगैरे करणाऱ्या या कंपनीने 1961 मध्ये फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचे किट काढले. ते इतके खपले की मनुष्याकृती किट हाच तिचा मुख्य व्यवसाय बनला. त्या राक्षसांच्या खोक्यांवरची चित्रे जेम्स बामा यांनी काढली होती आणि आजही कित्येक संग्राहक आतल्या प्लास्टिकपेक्षा त्या चित्रांसाठीच पैसे मोजतात. 1963 मध्ये सुपरमॅन आला, 1964 मध्ये बॅटमॅन, आणि 1966 मध्ये स्पायडरमॅन, हल्क व कॅप्टन अमेरिका. 1971 मध्ये बिस्किटे करणाऱ्या नाबिस्कोने कंपनी विकत घेतली. 1977 मध्ये ती बंद झाली आणि तिचे साचे मोनोग्राम या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. ते नेताना मालगाडी घसरून काही साचे नष्ट झाले, अशी हकीकत संग्राहकांमध्ये सांगितली जाते. 1995 मध्ये पोलर लाइट्स या कंपनीने ऑरोराची जुनी किट पुन्हा आणायला सुरुवात केली, तेव्हा जिथे साचे उरले नव्हते तिथे जुन्या किटचे भाग मोजून नवे साचे करावे लागले.

यातून जे निघते ते असे: प्लास्टिक पुन्हा ओतता येते, म्हणून ते दुर्मिळ राहत नाही. दुर्मिळ राहतो तो कागद, म्हणजे खोके, पत्रक आणि डेकल. न जोडलेला संपूर्ण सुपरमॅन खोक्यासह असेल तर मी तो जोडणार नाही. जोडण्याची हौस भागवायला मोनोग्रामची किंवा त्यानंतरची एखादी पुनरावृत्ती घ्यावी. आकार तोच, भिंत तीच, आणि हात थरथरला तरी काही बिघडत नाही. खोक्याच्या फाटलेल्या कोपऱ्यांना चिकटपट्टी मात्र अजिबात लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. आम्लरहित कागदाची पट्टी आणि गव्हाच्या खळीसारखा पाण्याने सुटणारा गोंद वापरून आतल्या बाजूने सांधा द्यावा.

एंटरप्राइजचा काळ ओळखणे सर्वांत सोपे आहे. हे किट 1966 मध्ये आले आणि त्यानंतर इतक्यांदा छापले गेले की केवळ एएमटी हे नाव पाहून काहीच ठरत नाही. खोक्यावर एएमटीसोबत मॅचबॉक्सचे नाव असेल तर ते 1978 नंतरचे, कारण त्या वर्षी मॅचबॉक्सची मालक असलेल्या लेस्नीने एएमटी घेतली; अर्टल या कंपनीचे नाव असेल तर 1983 नंतरचे. आर-टू-डी-टूलाही हाच नियम लावता येतो. एमपीसीच्या नावाला अर्टलची जोड असेल तर ते 1977 च्या पहिल्या खेपेतले नाही.

लांबी_आणि_कानस

बंदखोके यांनी ओळखीचा भाग इतका नेमका सांगितला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. सुपरमॅन न जोडण्याचा त्यांचा सल्लाही मला मान्य आहे, जरी स्वभावाने मी जोडणाऱ्यांच्या पंथातला आहे. पण त्यांनी स्पायडरमॅनला दोन ओळीही दिल्या नाहीत, आणि माझ्या मते तुमच्या चार वस्तूंमध्ये तीच सर्वांत मोलाची आहे. खोके नाही, भाग अपुरा, रंग बिघडलेला, म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मूल्य आधीच उतरले आहे आणि तुमच्या हातून ते आणखी कमी होण्याची भीती नाही. शिकण्यासाठी याहून चांगली वस्तू मिळणार नाही. अमेरिकेतले छंदिष्ट ग्लूने माखलेल्या अशा जुन्या जोडणीला ग्लू बॉम्ब म्हणतात आणि काही जण तर मुद्दाम असेच तुकडे शोधून त्यांचा जीर्णोद्धार करतात.

आधी तो सुटा करावा लागेल. ऑरोराची किट पॉलिस्टायरीनची आहेत. या प्लास्टिकचा ग्लू पृष्ठभागावर बसून चिकटवत नाही, तर दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मिसळतो आणि द्रावक उडून गेल्यावर तो सांधा एकजीव होतो. मात्र ट्यूबमधला जाड ग्लू मुलांच्या हातून बहुधा कडेला साचतो आणि आतपर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे जुने सांधे वरून भक्कम पण आतून कच्चे असतात. मॉडेल झाकणाच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने वाळका ग्लू ठिसूळ होतो. मग सांध्यावर बोथट पात्याने हलका ताण दिला की कित्येक जोड टक् असा आवाज करून सुटतात. जो सुटत नाही तो सोडून द्यावा. ओढाताण केली तर सांध्याऐवजी बोटच तुटते, आणि ऑरोराच्या स्पायडरमॅनची बोटे बारीक आहेत.

रंग काढण्यासाठी प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून पाहावे. ॲक्रिलिक रंग त्याने निघतात. 1960 च्या दशकात मुले बहुतेक इनॅमल वापरत, आणि तो रंग अल्कोहोलला दाद देत नाही. त्यासाठी तुमच्याकडच्या दुकानात ओव्हन साफ करण्याचा क्षारयुक्त फेस मिळतो, तो चालतो. पण तो त्वचा जाळतो, म्हणून जाड रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा या तिन्ही गोष्टी हव्यातच. काही जण गाडीचे ब्रेक ऑइल सुचवतील. ते रंग काढते हे खरे, परंतु ते विषारी आहे आणि त्याची विल्हेवाट लावणे हीच एक डोकेदुखी होते, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. ॲसिटोन किंवा नखांचा रंग काढायचे द्रव चुकूनही लावू नका, रंगाबरोबर मॉडेलही विरघळेल.

पुढचे काम सांध्यांचे. जुन्या साच्यांतली धड आणि पाय यांची अर्धुके नेमकी जुळत नाहीत आणि शिवण थेट मांडीवरून किंवा दंडावरून जाते. जोडताना पातळ ग्लू लावून दोन्ही अर्धुके जरा दाबावीत, म्हणजे विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. ती पूर्ण वाळू द्यावी, घाई अजिबात करू नये, आणि मग कानशीने व 400, 600, 1000 अशा क्रमाने पॉलिश पेपरने पाणी लावून घासावी. उरलेल्या फटीत लांबी भरावी. चौकटीचे निरुपयोगी तुकडे ग्लूच्या बाटलीत विरघळवून तयार केलेली लांबी मला विकतच्या लांबीपेक्षा अधिक आवडते, कारण ती त्याच प्लास्टिकची असल्यामुळे घासताना आजूबाजूच्या भागाइतकीच कठीण लागते. त्यानंतर करड्या प्रायमरचा हात द्या. प्रायमर रंगासाठी असतो हे खरे असले, तरी त्याचा पहिला उपयोग दोष दाखवण्याचा आहे. उघड्या प्लास्टिकवर न दिसणारी प्रत्येक चीर त्यावर ठळक उमटते. पुन्हा लांबी, पुन्हा घासणे, पुन्हा प्रायमर. कंटाळवाणे आहे, पण मॉडेल चांगले दिसते की खेळण्यासारखे, ते येथे ठरते, रंगात नव्हे.

रंगाबद्दल एकच सांगतो, बाकी सरावाने येईल. सुपरहीरोंच्या पोशाखातले लाल आणि पिवळे रंग झाकणारे नसतात. करड्या प्रायमरवर थेट पिवळा मारला तर तो हिरवट, मळका दिसतो. लालखाली गुलाबी किंवा फिका नारिंगी आणि पिवळ्याखाली पांढरा असा पाया दिला की दोनतीन पातळ हातांतच रंग खुलतो.

क्रेव्हनच्या हातासाठी उरलेला हात पाहून एपॉक्सी पुटीत (दोन भाग मळून घट्ट होणाऱ्या लगद्यात) नवा घडवता येईल. तुमच्या ओळखीत कोणाकडे याच किटचा संपूर्ण संच असेल, तर त्याच्या हाताचा सिलिकोन साचा करून रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) प्रत ओतता येते. रेझिनला पॉलिस्टायरीनचा ग्लू लागत नाही, तेथे सुपरग्लू किंवा एपॉक्सीच हवा. ओतलेला भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवावा, नाहीतर साच्याला लावलेल्या तेलकट थरामुळे रंग सुटतो. घासताना पाणी लावूनच घासा आणि नाकावर मास्क ठेवा, कारण रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक आहे. स्वतःच्या मॉडेलसाठी एक हात ओतणे वेगळे आणि दुसऱ्याच्या शिल्पाच्या प्रती काढून विकणे वेगळे. दुसरा प्रकार या छंदात फार बोकाळला आहे आणि त्यामुळे मूळ शिल्पकार कंटाळून काम सोडतात. जपानमध्ये वंडर फेस्टिव्हल या मेळाव्यात हौशी शिल्पकारांना त्या एका दिवसापुरता पात्रांच्या हक्काचा परवाना मिळतो. ती व्यवस्था मला शहाणपणाची वाटते.

पूर्वकिनारा

दोघांचेही मनापासून आभार. भिंग घेऊन बसले. सुपरमॅनच्या खोक्यावर नॅशनल पिरिऑडिकल असेच छापले आहे, बारकोड नाही, पत्त्यात पिनकोड नाही, खोके लांबट आहे आणि आत साधे पत्रक आहे. म्हणजे तो कपाटात जाणार हे ठरले. एंटरप्राइजवर अर्टलचे नाव निघाले, तेव्हा ते मी निःशंकपणे जोडेन. स्पायडरमॅन सध्या फ्रीझरमध्ये आहे आणि त्यावरून घरात थोडी चर्चा झाली.

आता आणखी दोन शंका आहेत. एंटरप्राइजची डेकल पिवळी पडली आहेत, ती वापरता येतील का? आणि डिसेंबरात मी सांगलीला भावाकडे जाणार आहे. त्याचा दहा वर्षांचा मुलगा सुपरहीरोंच्या मागे वेडा आहे. त्याच्यासाठी आर-टू-डी-टू न्यावे, असे मनात आहे. सोबत ग्लू आणि रंगही न्यावेत का, की ते तिकडे मिळतील?

ठाण्याचा_रंगारी

ग्लू आणि रंगांविषयी आधी सांगतो, कारण तेथे अडचण आहे. पॉलिस्टायरीनच्या पातळ ग्लूमध्ये ब्युटिल ॲसिटेट आणि ॲसिटोनसारखी द्रव्ये असतात, लॅकर आणि इनॅमल रंग व त्यांचे थिनरही ज्वालाग्राही असतात. अशा वस्तू विमानात नेता येत नाहीत, हातातल्या सामानातही नाही आणि सोपवलेल्या सामानातही नाही. त्यामुळे न्यायचेच असेल तर ज्वालाग्राही नसलेले, पाण्यावर आधारलेले ॲक्रिलिक रंग तेवढे न्या. ग्लू इकडेच घ्यावा. मुंबई-पुण्यातल्या छंदाच्या दुकानांतून तो मागवता येतो.

परंतु माझा आग्रह असा की त्या मुलाला आर-टू-डी-टू नेऊच नये. एमपीसीच्या त्या काळच्या किटमध्ये शिवणी आहेत, भागांचे जोड सैल आहेत, आणि रंगवल्याखेरीज ते काहीच दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिलेच किट म्हणून ते दिले तर तो ग्लूचे ओघळ पाहून खट्टू होईल आणि छंद तिथेच संपेल. तुम्हाला गुंडमचा अनुभव आहे, तोच त्याला द्या. बांदाई या जपानी कंपनीने जुलै 1980 मध्ये पहिले गुंडम किट 300 येनला विकले, तेव्हा त्यालाही ग्लू आणि रंग लागत होते. आज त्याच कंपनीची किट दाबून बसतात आणि प्लास्टिक अनेक रंगांत ओतलेले येते. 2020 मध्ये आलेल्या एंट्री ग्रेड मालिकेत तर भाग हाताने पिरगळून चौकटीपासून सुटतात, कटरही लागत नाही. मुलाला रोबोपेक्षा हीरोच हवा असेल, तर फिगर-राइज स्टँडर्ड या मालिकेत अल्ट्रामॅन आणि कामेन रायडर आहेत. जपानी सुपरहीरोंची परंपरा अमेरिकन हीरोंइतकीच मोठी आहे, आणि माझा अनुभव असा की आपल्याकडची मुले ती पटकन स्वीकारतात.

भारतातून ही किट मागवणे महाग पडते, त्यामागचे कारण येथे इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. सीमाशुल्काच्या वर्गवारीत छंदाची लहान प्रमाणातली मॉडेल ही खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, म्हणजे 9503 खाली येतात. त्यामुळे 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले, तेव्हा चाळिशीतल्या संग्राहकाने मागवलेले अवकाशयानही त्याच तडाख्यात सापडले, आणि 2023 मध्ये तो दर 70 टक्क्यांवर गेला. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. या नियमांचा हेतू मुलांच्या हाती विषारी प्लास्टिक जाऊ नये आणि देशी उद्योग वाढावा हा आहे, त्याला माझा विरोध नाही. तरीही पॉलिस्टायरीनच्या अचूक साच्यांचे किट देशात फारसे कोणी करत नसताना प्रौढांच्या छंदालाही तोच निकष लागतो, हे खटकते. म्हणून कोणी परदेशातून येत असेल आणि बॅगेत एक किट मावत असेल, तर त्याची वाट पाहणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत.

डिसेंबर हा रंगकामाला चांगला महिना आहे, हेही सांगून ठेवतो. पावसाळ्यात ठाण्यात काय किंवा सांगलीत काय, लॅकर फवारला की द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका, धुरकट होतो. कॉम्प्रेसरला ओल पकडणारा फिल्टर लावला तर नळीतले पाणी थांबते, पण खोलीतल्या दमटपणावर तो काहीच करू शकत नाही. जून ते सप्टेंबर मी फक्त घासकाम आणि जोडकाम करतो. रंग दिवाळीनंतर.

अर्धवट_जोडणी

मला एका बाबतीत मतभेद नोंदवावासा वाटतो. वरच्या सर्व उत्तरांत जपणे आणि जोडणे असे दोन कप्पे पाडले आहेत, परंतु विज्ञानकथांच्या मॉडेलमध्ये तिसरा मार्ग फार जुना आहे, तो म्हणजे एका किटचे भाग दुसऱ्यात वापरणे. 1977 च्या स्टार वॉर्ससाठी जी यानांची मॉडेल बनली, त्यांच्या पृष्ठभागावरचे बारीक यंत्रभाग बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि युद्धनौकांच्या किटमधून काढून चिकटवलेले होते. स्टार ट्रेकमध्येही 1967 साली प्रसारित झालेल्या एका भागात कॉन्स्टेलेशन हे मोडके जहाज दाखवण्यासाठी एएमटीचेच किट वापरले गेले. आपण ज्यांना मूळ म्हणून पूजतो ती याने अशी किटच्या उकिरड्यातून उभी राहिली आहेत. तेव्हा पूर्वकिनारा यांनी स्टँड नसलेल्या एंटरप्राइजसाठी स्टँड शोधत बसू नये. जाड ॲक्रिलिकचा दांडा आणि लाकडी पाट घेऊन स्वतःच करावा, आणि हौस असेल तर कॉन्स्टेलेशनसारखे इंजिनाचे एक नळकांडे जळके, फाटके रंगवावे. जुन्या एएमटी किटमध्ये ही नळकांडी कालांतराने वाकतात आणि सरळ राहत नाहीत, ही तक्रार सर्वांनाच ठाऊक आहे. मोडके जहाज म्हटले की ती तक्रारच संपते.

बंदखोके

सुचवणी चांगली आहे. फक्त नळकांडी सरळ हवी असतील तर पंखांच्या मुळाशी आतून पितळी तार घालून एपॉक्सीने पक्की करावी, नंतर ती कधीच ढळत नाहीत.

डेकलविषयी: पिवळेपणा बहुधा वरच्या लाखेच्या थरात असतो. पत्रक पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला, छापील बाजू उन्हाकडे करून चिकटवून ठेवा. काही आठवडे ऊन मिळाले की पांढरी अक्षरे बरीच उजळतात. मात्र जुन्या डेकलचा थर ठिसूळ झालेला असतो आणि पाण्यात टाकताच त्याचे तुकडे होऊ शकतात. म्हणून आधी कोपऱ्यातले नको असलेले एखादे चिन्ह कापून पाण्यात टाकून पाहा. तुटले तर सगळ्या पत्रकावर पारदर्शक ग्लॉस लॅकरचा एक पातळ हात फवारून घ्या, मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून वापरा. लावताना खालचा रंग चकचकीत हवा. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डेकलखाली चांदीसारखी झाक दिसते. डेकल मऊ करणारे द्रव मिळते, ते लावल्यावर डेकल आधी सुरकुतते आणि नंतर आपोआप ताणून बसते. त्या मधल्या वेळेत बोट लावू नये.

तेही जमले नाही तर या जहाजाची नवी डेकल वेगळी विकत मिळतात, पण घेण्यापूर्वी प्रमाण तपासा. कथेतले जहाज 289 मीटर लांब आहे. एएमटीचे जुने किट साधारण 1/650 प्रमाणाचे, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर भरते. पोलर लाइट्सचे 1/1000 चे किट 29 सेंटिमीटरचे आणि 1/350 चे तब्बल 82 सेंटिमीटरचे आहे. नाव तिन्हींवर तेच असल्यामुळे दुकानदार कधीकधी चुकीचा संच पाठवतात.

पूर्वकिनारा

कॉन्स्टेलेशनची कल्पना घरात सर्वांना पसंत पडली. मुलासाठी अल्ट्रामॅन मागवला आहे आणि आर-टू-डी-टू माझ्याकडेच राहील. स्पायडरमॅनचे दोन्ही पाय आणि डावा दंड सुटले, धड मात्र अजून हटून बसले आहे. ते पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावे का?

लांबी_आणि_कानस

आणखी एकदा ठेवून पाहा, त्यापुढे नको. धडाची शिवण पाठीवर आणि बरगड्यांवर येते, तेथे घासायला जागा भरपूर आहे, त्यामुळे ते न उघडता बाहेरूनच दुरुस्त केले तरी चालेल. रंग काढून झाला की शिवणीचा जवळून फोटो टाका. रेषा किती खोल आहे ते पाहून विरघळवलेली लांबी पुरेल की एपॉक्सी पुटी लागेल, ते सांगता येईल.